शेंद्र्याला संगणक कंपन्या आणायच्या असतील तर

आपण समितीवर नव्याने आला आहात, म्हणून सुचवतो: परगावच्या सॉफ्टवेअर कंपनीसमोर जमिनीचा दर आधी मांडू नका. शेंद्रा-बिडकीन येथे दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेत सुमारे 10,000 एकरांवर ‘ऑरिक’ ही औद्योगिक नगरी उभी राहत आहे, वीज-पाण्याच्या वाहिन्या भूमिगत आहेत, ही जमेची बाजू खरी. परंतु अशा कंपनीला भूखंडापेक्षा माणसे लागतात, आणि ती माणसे सुमारे 15 किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरातून रोज कशी येतील, त्यांची मुले कोठे शिकतील, हे ती पहिल्याच बैठकीत विचारते. (याच प्रश्नावर मी एकदा निरुत्तर झालो होतो, तेव्हापासून जालना रस्त्यावरील बसच्या वेळा पाठ आहेत.) पाण्याविषयी मोघम बोलू नका. मराठवाडा म्हटले की समोरच्याला दुष्काळच आठवतो, म्हणून जायकवाडीच्या पाण्याचा आराखडा सोबत ठेवा. 1985 मध्ये याच शहराजवळच्या वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि सुटे भाग करणारे लघुउद्योजक त्याच्या आधाराने वाढले. तशा मोठ्या कंपनीची वाट पाहताना लहानांसाठी भाड्याचे तयार गाळे राखून ठेवा, कारण दहा जणांची कंपनी भूखंड विकत घेत नाही.