ऑस्करसारख्या मोठ्या माशांना फक्त स्पंज फिल्टर पुरतो का?
तुमच्या ३०० लिटरच्या टँकमध्ये दोन ऑस्कर आहेत, एअर पंपाच्या हवेवर चालणारे दोन स्पंज फिल्टर चालू आहेत आणि तरीही तळाला घाण साचते, म्हणून तिसरा लावावा का, असं तुम्ही विचारलंय. तिसऱ्याने तळ स्वच्छ होणार नाही. पण म्हणून आहेत ते दोन काढूही नका.

मासे अमोनिया हा त्यांच्यासाठीच विषारी पदार्थ मुख्यतः कल्ल्यांवाटे सोडतात. तो पाण्यात विरघळलेला असतो, डोळ्यांना दिसत नाही. स्पंजच्या छिद्रांत वस्ती केलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यासाठी त्यांना ऑक्सिजन आणि वाहतं पाणी लागतं, आणि बुडबुड्यांमुळे त्यांना दोन्ही मिळतं. अमोनिया आणि नायट्राइटची टेस्ट करून बघा. दोन्ही शून्य आले, तर तुमचे स्पंज त्यांचं काम चोख करताहेत असं समजा.

अडतं ते ओढीपाशी. एअर पंपाच्या जोरावर पाणी हळूहळूच खेचलं जातं. ऑस्करची विष्ठा जड असते, शिवाय खाताना तो पेलेट्स चावून त्यांचा चुरा कल्ल्यांतून बाहेर टाकतो. हा चुरा स्पंजपासून वीतभर अंतरावर पडला, तर तिथेच पडून राहतो, कुजतो आणि त्यातून पुन्हा अमोनिया तयार होतो. हे गोळा करायला कॅनिस्टर (टँकबाहेरचा, मोटरने पाणी जोरात खेचणारा बंद डब्याचा फिल्टर) किंवा संप (फिल्टरसाठीची वेगळी टाकी) हवा. तो सध्या जमणार नसेल, तर दर एक-दोन दिवसांनी सायफनच्या नळीने तळाची घाण ओढून घ्या. कष्टाचं आहे, पण मासे ठणठणीत राहतात.

कॅनिस्टर घेतलात तरी एक स्पंज टँकमध्ये राहू द्या, हे मी आग्रहाने सांगतो. वीज बराच वेळ गेली की बंद कॅनिस्टरमधल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि आतले जिवाणू मरू लागतात. स्पंज टँकच्या मोकळ्या पाण्यात असतो आणि बॅटरीच्या एअर पंपावरही चालतो.

मोठ्या माशांसाठी स्पंज जाड छिद्रांचा घ्या. बारीक छिद्रांचा फार लवकर तुंबतो. बूड जड हवं, कारण ऑस्करला टँकमधली प्रत्येक वस्तू ढकलून बघायची असते आणि सक्शन कप त्याच्यापुढे टिकत नाहीत. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवला असेल, तर नळीत चेक व्हॉल्व्ह लावाच. नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात उतरू शकतं.

आता धुण्याचं. भरलेला स्पंज तसाच वर उचललात, तर तपकिरी गाळाचा लोट सुटतो आणि सगळं पाणी गढूळ होतं. आधी हवा बंद करा, पाण्यातच स्पंजवर प्लास्टिकची पिशवी चढवा आणि मग बाहेर काढा. टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात तो पिळा. थेट नळाखाली धरू नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. आणि दोन्ही स्पंज एकाच दिवशी धुऊ नका, मध्ये दोनेक आठवडे जाऊ द्या.

नायट्रेट मात्र कुठल्याच स्पंजने कमी होत नाही, त्याला पाणी बदलणं हाच उपाय. तोही मोजा आणि तिन्ही टेस्टचे आकडे इथे लिहा. आठवड्याला किती पाणी बदलायचं, ते त्यावरून ठरवता येईल.