स्टाफच्या डाळीबद्दल

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन वर्षं हॉटेल मॅनेजमेंट केलं, सॉस शिकलीस, आणि नोकरी लागल्यावर वाट्याला आलं स्टाफ कँटीन. ऐंशी माणसांची डाळ, भात, एक भाजी. ‘इथे चव कुणाला कळते?’ असं तू लिहिलंयस. तिथे मी जरा अडखळलो.

या सुट्टीला एक सिनेमा बघ. ‘बाबेट्स फीस्ट’, १९८७ चा, गॅब्रिएल अॅक्सेल यांचा. परभाषेतल्या सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर डेन्मार्कला पहिल्यांदा मिळालं ते याच्यामुळे. डॅनिश लेखिका कॅरेन ब्लिक्सेन यांची मूळ कथा नॉर्वेत घडते. अॅक्सेल यांनी ती डेन्मार्कमधल्या जटलंडच्या ओसाड किनाऱ्यावर आणली. आभाळ राखाडी, घरं राखाडी, माणसांचे कपडेही तसेच. सुरुवातीला काही घडतच नाहीसं वाटेल. फोन दुसऱ्या खोलीत ठेव.

गोष्ट थोडक्यात सांगतो. मार्टिने आणि फिलिपा या दोन वयस्क बहिणी, धर्मगुरू वडील गेल्यावर त्यांचा छोटासा पंथ सांभाळतायत. १८७१ मध्ये पॅरिस कम्यून, म्हणजे तिथलं बंडखोरांचं सरकार, चिरडलं गेलं, त्यात बाबेट या फ्रेंच बाईचा नवरा आणि मुलगा मारले गेले. ती जीव वाचवून यांच्या दारात येते. पगार द्यायची बहिणींची ऐपत नाही, तरी ती राहते. चौदा वर्षांनी तिला दहा हजार फ्रँकची लॉटरी लागते आणि धर्मगुरूंच्या शंभराव्या जयंतीला ती बारा माणसांना फ्रेंच जेवण घालते. कासवाचं सूप, कॅव्हिअर (माशाची अंडी) घातलेल्या ब्लिनी, म्हणजे छोटी धिरडी, पेस्ट्रीत बसवलेले लावे, १८४५ ची क्लो द व्हूजो वाइन. सगळे हेच लक्षात ठेवतात. तुझ्या कॉलेजातही याच जेवणावर चर्चा झाली असेल.

तू मात्र त्याआधीचा एक प्रसंग नीट बघ. नवीन आलेल्या बाबेटला बहिणी स्वयंपाक शिकवतात. सुका मासा असा भिजवायचा, आणि शिळा राईचा पाव बिअरमध्ये शिजवून त्याची अशी पेज करायची, म्हणजे ‘ओलेब्रोड’. आपल्याकडचा शिळ्या पोळीचा कुस्करा म्हण ना. पॅरिसच्या कॅफे आंग्लेची मुख्य शेफ ती, हे बहिणींच्या गावीही नाही. ती एक अक्षर बोलत नाही. मान डोलावते आणि कामाला लागते. ही पेज गावातल्या आजारी, म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाते. बाबेट कोळ्याशी माशाच्या भावावरून हुज्जत घालते, माळावरून पाला खुडून आणते. पुढे मेजवानीचं सामान आणायला ती काही दिवस गावाबाहेर जाते, बहिणी पुन्हा त्यांच्या पद्धतीची पेज वाटतात, आणि एक म्हातारा पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करतो. सांग आता, चव कळत नव्हती का त्याला? चौदा वर्षांत त्याने तिची तारीफ केली असेल असं मला तरी वाटत नाही.

मेजवानीच्या रात्री तर कहरच. हे काहीतरी पापाचं प्रकरण आहे या भीतीने पाहुणे आधीच ठरवतात की अन्नाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. (अन्नाला नावं ठेवू नयेत हे आपल्यालाही शिकवलंय, पण चांगलं म्हणायलाही बंदी म्हणजे अतीच.) पाहुण्यांत एक जनरल तेवढा बाहेरचा, तो वाइनचं कौतुक करतो, तर शेजारचा त्याला बर्फ पडण्याबद्दल सांगतो. बाबेटला यातलं काही ऐकू येत नाही. ती आत घामाघूम झालेली असते. आणि त्या घाईतही ती स्वयंपाकघरात बसलेल्या जनरलच्या गाडीवानाला वाढत असते. मला सगळ्या मेजवानीत तोच माणूस आवडतो. तुमच्या भाषेत तो स्टाफ.

माझी एक गोष्ट सांगतो, आजवर कुणाला सांगितलेली नाही. उमेदवारीत मीही स्टाफच्या जेवणावर होतो. एकदा भात खाली लागला. वरचा चांगला भाग मी सुपरवायझरसाठी काढला आणि करपट वासाचा उरलेला तसाच खाली पाठवला. भांडी घासणाऱ्या काकांनी तो लोणच्याबरोबर निमूट संपवला, ताटली स्वतः विसळून ठेवली. दुसऱ्या दिवसापासून ते घरून डबा आणायला लागले. मी तिथे असेपर्यंत त्यांनी माझ्या हातचं खाल्लं नाही. रागावलेही नाहीत, हेच जास्त लागलं.

शेवटी बहिणी बाबेटला म्हणतात, आमच्यासाठी सगळे पैसे घालवायला नको होतेस. त्यावर ती सांगते की ते फक्त तुमच्यासाठी नव्हतं. हे ऐकताना तिच्या चेहऱ्याकडे बघ. त्यात त्यागबिग काही नाही. लोक तिला उगाच संत करतात. तिला तिचा हात पुन्हा एकदा पुरता चालवून बघायचा होता. तुझाही हात ऐंशी माणसांच्या डाळीवर चालू शकतो.

तेव्हा उद्यापासून एवढं कर. डाळ एकदम फोडणीला टाकू नकोस. निम्मी साधी ठेव आणि रात्रपाळीची माणसं आली की त्यांच्यापुरती ताजी फोडणी दे. लसूण ठेचून, चिरून नव्हे. आणि भांडी घासणारे सगळ्यात शेवटी जेवतात, त्यांच्या वाटणीचं आधीच झाकून ठेव.

सिनेमा बघितलास की फोन कर, दुपारी तीननंतर.

तुझा,
मास्तर