मिथिलीन ब्लू निघतो, रिॲक्टिव्ह रेड का निघत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शेंगदाण्याच्या टरफलांवर सल्फ्युरिक ॲसिडची प्रक्रिया करून केलेल्या कोळशानं पाण्यातला मिथिलीन ब्लू हा डाय जवळजवळ पूर्ण काढला, पण वडोदऱ्यातल्या मकरपुऱ्याच्या डाइंग युनिटमधून आणलेल्या, रिॲक्टिव्ह रेड या कापडाच्या डायच्या पाण्यावर तोच कोळसा चालेना. आणि रोजच्या 200 लिटरना तो किती लागेल?

कोळसा बिघडलेला नाही, जोडी चुकली आहे. सल्फ्युरिक ॲसिडनं टरफलं काळी होताना पृष्ठभागावर कार्बॉक्सिल आणि सल्फोनिक गट तयार होतात आणि पाण्यात त्यांच्यावर ऋण भार येतो. मिथिलीन ब्लूचा रेणू धनभारित, म्हणून तो ओढला जातो. रिॲक्टिव्ह डायच्या रेणूवर सल्फोनेट गट असतात, म्हणजे तोही ऋण. त्यात डाइंगच्या पाण्यात सोडा ॲश असल्यानं पीएच 10-11 च्या आसपास, तेव्हा कोळशाचा ऋण भार आणखी वाढतो. शिवाय मिथिलीन ब्लूचा रेणू लहान, आयनाचं वजन 284. रिॲक्टिव्ह डाय मोठे, उदाहरणार्थ रिॲक्टिव्ह ब्लॅक 5 चं वजन सुमारे 992. बारीक छिद्रात एवढा मोठा रेणू शिरतच नाही. म्हणून कुणी मिथिलीन ब्लूवरची क्षमता दाखवून ‘कापड उद्योगाच्या सांडपाण्यावर उपाय’ म्हणालं, की मी आधी त्या सांडपाण्यातल्या डायचं नाव विचारतो.

आधी तुमच्या कोळशाचा शून्य भाराचा पीएच काढा. 0.01 मोलर मिठाच्या पाण्याचे 50 मिलीचे फ्लास्क घ्या, पीएच 2 ते 10 असा एकेक वाढवत लावा, प्रत्येकात 0.15 ग्रॅम कोळसा घाला, झाकून 24 तास हलवा आणि पुन्हा पीएच मोजा. जिथे सुरुवातीचा आणि शेवटचा पीएच सारखा येतो तो तुमचा आकडा. त्याच्या खाली पृष्ठभाग धन, वर ऋण. ॲसिडचा कोळसा आधी धुणाऱ्या पाण्याचा पीएच स्थिर होईपर्यंत धुवा, नाहीतर उरलेलं ॲसिडच मोजलं जाईल.

तुमच्या कोळशाचा आकडा बहुधा खालीच येईल. मग दोन वाटा: पाण्याचा पीएच उतरवा किंवा पृष्ठभाग बदला.

पीएच उतरवणं बोलायला सोपं आहे. लिटरला 10 ग्रॅम सोडा ॲश असेल तर तो पूर्ण मारायला लिटरमागे सुमारे 5 मिली संहत सल्फ्युरिक ॲसिड लागतं, 200 लिटरना एक लिटरभर. आणि प्रत्येक लिटर पाण्यातून दोन लिटरांहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. पिंप अर्धंच भरा, जागा उघडी ठेवा, ॲसिड पाण्यात सावकाश सोडा, पाणी ॲसिडमध्ये कधीच नको. ब्लॉक प्रिंटचं पाणी असेल तर आम्ल होताच अल्जिनेटचा (छपाईचा रंग दाट करणारा पदार्थ) चिकट गोळा वर येतो. तो काढून टाकल्याशिवाय पुढे जाऊ नका, कोळशाची छिद्रं तोच बुजवतो.

पृष्ठभाग बदलायचा तर कोळशाऐवजी कच्छचा बेंटोनाइट, म्हणजे एक चिकणमाती, जवळच मिळतो. मुळात तोही ऋणच, पण त्यावर सीटॅब (धनभारित, साबणासारखं रसायन) बसवला की ऋण रंग धरू लागतो. मातीची कॅटायन विनिमय क्षमता, म्हणजे ती किती धन आयन धरू शकते ते, 100 ग्रॅमला 80 मिलिइक्विव्हॅलंट धरली तर 100 ग्रॅम मातीला सुमारे 30 ग्रॅम सीटॅब लागतो. 60 अंशांच्या पाण्यात काही तास ढवळा, मग डिस्टिल्ड पाण्यानं धुवा आणि धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पाहा. ढग येत असेल तर ब्रोमाइड अजून निघतंय. ही धुलाई टाळू नका, सुटा सीटॅब जलचरांना घातक आहे आणि पाण्याला फेस आणतो.

सगळ्यात सरळ उपाय मात्र बाजारचा पावडर ॲक्टिव्हेटेड कार्बन. दुकानदार आयोडीन नंबर मोठा दाखवतो. तो बारीक छिद्रांचा आकडा, मोठ्या रेणूंसाठी फारसा कामाचा नाही. नारळाच्या करवंटीपेक्षा फॉस्फोरिक ॲसिडनं केलेला लाकडी कार्बन घ्या, त्यात मधल्या आकाराची छिद्रं जास्त असतात. साधा चुलीचा कोळसा दळून घालण्यात अर्थ नाही.

चाचणी युनिटच्या खऱ्या पाण्यावर घ्या. 100 मिलीचे फ्लास्क, 0.1, 0.25, 0.5 आणि 1 ग्रॅम कोळसा, दोन तास हलवणं. सोबत डायशिवाय कोळसा आणि कोळशाशिवाय डाय असे दोन कोरे फ्लास्कही ठेवा. गाळायला फिल्टर पेपर वापरू नका. डाय कागदालाच चिकटतो आणि निकाल खोटाच चांगला दिसतो. सेंट्रिफ्यूज करा. तळाचा कण वर आला तर शोषणमान, म्हणजे पाणी किती प्रकाश अडवतं त्याचा आकडा, वाढतं, म्हणून वरचं पाणी पिपेटनं अलगद उचला. कॅलिब्रेशन त्याच पीएचला आणि तेवढ्याच मिठात करा. काँगो रेडसारखा डाय आम्लात निळा होतो, त्याला लाल रूपासाठीच्या तरंगलांबीवर मोजलं तर ‘रंग गेला’ असं वाटतं, प्रत्यक्षात तो पाण्यातच असतो.

आता हिशेब. समजा डाय लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि ते लिटरला 10 मिलिग्रॅमवर आणायचं आहे. 190 गुणिले 200 म्हणजे 38 ग्रॅम डाय. इथं सगळे चुकतात: लँगम्यूर या शोषणाच्या समीकरणातून आलेली कमाल क्षमता वापरतात. ती भरपूर डाय असतानाची. शेवटी पाण्यात 10 मिलिग्रॅमच उरणार असतील, तर त्या बिंदूवरची क्षमता धरा. समजा ती ग्रॅमला 40 मिलिग्रॅम आली, तर रोज 950 ग्रॅम कार्बन. तोच दोन हप्त्यांत घातला, पहिला हप्ता बसू दिला आणि वरचं पाणी काढून दुसरा टाकला, तर कमी लागतो, कारण पहिल्या हप्त्यासमोर डाय दाट असतो. म्हणूनच युनिटवाल्यांना सांगा, डाइंगचं मूळ पाणी आणि नंतरची धुलाई वेगळ्या पिंपांत ठेवा. एकत्र केलं की डाय पातळ होतो आणि कोळसा वाढतो.

रंग गेला तरी डाइंगच्या पाण्यातलं मीठ जात नाही. बागेत किंवा विश्वामित्री नदीकडे जाणाऱ्या नाल्यात ते पाणी सोडायचं नाही. त्यातल्या त्यात बरा मार्ग म्हणजे तेच खारं, रंगहीन पाणी पुढच्या डाइंगच्या बाथला वापरणं. मिठाचं प्रमाण हायड्रोमीटरनं मोजून उरलेलं भरायचं आणि आधी एका तुकड्यावर छटा पाहायची.

संपलेला कोळसा धुऊन परत वापरायचा मोह होईल. कॉस्टिक सोड्यानं थोडा डाय सुटतो, पण तो दाट लाल द्रवाच्या रूपात तुमच्याच हातात परत येतो. एवढ्या छोट्या कामाला ते परवडत नाही. ओला गाळ पाणी निथळून, बंद पिशवीत लेबल लावून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवा. तो युनिटच्या मागे वाळत घातला तर पहिल्या पावसात लाल पाणी पुन्हा नाल्यात जाईल.