कपाळावरची राख आणि इन्स्टाग्राम

‘ताई, मी इन्स्टाग्रामवर रोजचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूबद्दलचा उतारा, आमच्या सामवेदी बोलीत सांगते. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, चर्चमधली मिस्सा ही उपासना आटोपून कपाळावरच्या राखेसकट फोटो टाकला. नणंद म्हणाली, “दार लावून प्रार्थना कर, असं येशूनं सांगितलंय. तू बाजार मांडलास.” ऑफिसातल्या एकानं खाली लिहिलं, “धर्मप्रचार सुरू झाला वाटतं.” मे महिन्यात लेकीचा प्रथम ख्रिस्तप्रसाद (मिस्सातली पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी) आहे, त्याचं रील करायचं मनात होतं. सगळंच बंद करू का?’
– एक सून, वसई

बंद मुळीच करू नकोस. पण नणंदेचं बोलणं झटकूनही टाकू नकोस. तिनं ऐकवलं ते मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातलं आहे आणि राखेच्या बुधवारी मिस्सात नेमकं तेच वाचतात. उपास करणाऱ्यानं डोक्याला तेल लावावं, तोंड धुवावं, लोकांना कळू देऊ नये, असंही त्याच वाचनात येतं. ते ऐकून बाहेर पडल्यावर राखेचा फोटो काढणं मलाही खटकलं, हे सरळ सांगते.

तुझं शुभवर्तमान सांगणं मात्र वेगळं आहे. त्याच डोंगरावरच्या प्रवचनात, एकच अध्याय आधी, दिवा मापाखाली नव्हे तर दिवठणीवर ठेवा, असं येशू म्हणतो. त्याला राग आहे तो लोकांनी आपल्याला पाहावं म्हणून केलेल्या भक्तीचा. अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या आजीला आपल्या बोलीत देवाचा शब्द ऐकायला मिळतो, तेव्हा तिचं लक्ष तुझ्या चेहऱ्याकडे नसतं गं. आणि बायकांनी चारचौघांत प्रार्थना सांगणं आपल्याकडे नवं कुठे आहे? वाडीतल्या क्रुसापुढे जपमाळ सुरू करणाऱ्या बहुतेक बायकाच असतात.

व्हॅटिकनच्या संपर्कमाध्यम विभागानं मे २०२३ मध्ये समाजमाध्यमांविषयी एक चिंतन प्रसिद्ध केलं. ते सगळं दयाळू शोमरोन्याच्या, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या परक्याच्या, येशूनं सांगितलेल्या दाखल्यावर बेतलंय: या पडद्यावर माझा शेजारी कोण? म्हणून माझं म्हणणं, व्हिडिओ टाकून फोन बाजूला ठेवू नकोस. कुणी ‘माझ्या आईसाठी प्रार्थना करा’ लिहिलं, तर त्या व्यक्तीला खाजगीत चार शब्द लिही, जमलं तर फोन कर.

ऑफिसातल्या त्या गृहस्थाला तिथं उत्तर देऊ नकोस. आपला धर्म पाळण्याचा आणि सांगण्याचा हक्क राज्यघटनेच्या २५व्या कलमानं तुला दिलाय, तो कमेंटमध्ये सिद्ध करत बसायची गरज नाही. पुन्हा लिहिलं, तर स्क्रीनशॉट ठेव आणि ऑफिसात समोरासमोर विचार.

नणंदेकडे मात्र स्वतः जा. राखेच्या फोटोबद्दल तुझं पटलं म्हणून सांग. मग तिच्या आईच्या तोंडच्या रात्रीच्या प्रार्थना बोलीत आठवतात का ते विचार आणि त्या तिच्याच आवाजात रेकॉर्ड करू देशील का म्हण. चेहरा दाखवायचा की नाही, ते तिच्यावर सोड.

लेकीच्या रीलचं आधी लेकीला विचार, आणि चर्चमध्ये शूटिंग चालेल का ते फादरना. मिस्सा चालू असताना तुझा फोन पर्समध्येच हवा. लेक नको म्हणाली, तर फोटो घरच्या अल्बममध्ये लाव.