लस टोचली, तरी दगडी झालीच!

प्रश्न : डॉक्टर, गाईला दगडीची (कासदाहाची, म्हणजे कासेच्या सुजेची) लस दिली होती, तरी व्याल्यावर एक सड सुजलंच. जंतूंच्या अंगावरची प्रथिनं वापरून नव्या लशी करतात असं ऐकलं. त्या तरी खात्रीच्या असतात का?

उत्तर : खात्री मी देणार नाही, पण या लशींना नावंही ठेवणार नाही. वासरांच्या हगवणीत त्यांनी गुण दाखवला आहे. हगवण लावणाऱ्या ई. कोलाय जंतूच्या अंगावर एफ-५ (जुनं नाव के-९९) या प्रथिनाचे बारीक तंतू असतात. त्यांच्या जोरावर तो आतड्याच्या अस्तराला चिकटतो. चिकटता आलं नाही तर शेणावाटे निघून जातो. म्हणून गाईला गाभणपणाच्या शेवटी लस देतात. चिकातली प्रतिपिंडं (जंतूंशी लढणारी प्रथिनं) वासराच्या आतड्यात या तंतूंना वेढून टाकतात. हा जंतू मुख्यतः पहिल्या काही दिवसांतच छळतो, त्यामुळे तेवढं संरक्षण पुरतं. (लशीला पैसे खर्चून चीक मात्र उशिरा पाजणारे भेटतात. त्यांना काय म्हणावं?)

दगडी करणारा कासेतला स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू मात्र फार बेरकी. त्याच्याकडे चिकटायची प्रथिनं अनेक. एक अडवलं तर दुसरं कामाला येतं. शिवाय त्याच्या अंगावर 'प्रोटीन ए' असतं. प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा: दोन फाट्यांनी जंतू धरायचा आणि देठाने पांढऱ्या पेशींना बोलवायचं. प्रोटीन ए नेमका तो देठच पकडतं. मांजराला मानगुटीला धरलं की नखं हवेतच फिरतात, तसं होतं. प्रोटीन ए-ची ही पकड काढून टाकून त्याचीच लस करण्याचे प्रयोगही झाले आहेत.

त्यात दुधाची अडचण वेगळीच. प्रतिपिंडं दुधात विरळ होतात, आणि पांढऱ्या पेशी स्निग्धांश व केसीन (दुधातलं प्रथिन) गिळून सुस्तावतात. हा जंतू तर कासेच्या पेशींच्या आतही दडून बसतो, तिथे प्रतिपिंडं पोचतच नाहीत. त्यामुळे दगडीच्या लशीकडून आजार सौम्य व्हावा एवढीच अपेक्षा मी धरतो. धार काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवणं लस दिली तरी सोडू नका.

आणि दगडी एकाच जंतूमुळे होत नाही. सुजलेल्या सडाचं दूध तपासायला द्या, आलेला जंतू लशीच्या वेष्टनावर आहे का ते पाहा. नसेल तर त्या लशीला दोष देऊ नका.