‘आगम तीर्थ’ यातील तीर्थ कोणते?

बाली बेटावरील लोक आपल्या धर्माला पूर्वी ‘आगम तीर्थ’ म्हणत असत, त्याचे मराठी भाषांतर ‘तीर्थक्षेत्रांचा धर्म’ असे करावे काय, अशी पृच्छा आहे. माझे उत्तर नकारार्थी आहे. येथील तीर्थ हे देवळात पुजारी पळीने आपल्या तळहातावर घालतात ते तीर्थ आहे, काशी-रामेश्वराचे नव्हे.

प्रथम शब्दांचा क्रम पाहू. बाली आणि इंडोनेशियन या दोन्ही भाषांत मुख्य नाम आधी येते आणि त्याचे विशेषण नंतर. त्यामुळे ‘आगम तीर्थ’ हा आपल्या पद्धतीचा तत्पुरुष समास समजून ‘आगमाचे तीर्थ’ असा विग्रह केला, तर अर्थ उलटाच होतो. बालीतील कारंगासम येथील राजाने विसाव्या शतकाच्या मध्यास बांधलेल्या जलमहालाचे नाव ‘तिर्त गंगा’ आहे. आपण त्याला गंगातीर्थ म्हटले असते. ‘आगम’ शब्दाचा अर्थही तिकडे विस्तारला आहे. मराठीत आगम म्हटले की शैवागमांसारखे शास्त्रग्रंथ किंवा व्याकरणातील वर्णागम आठवतो. इंडोनेशियात मात्र कोणताही धर्म हा ‘आगम’च असतो, आणि ‘आगम इस्लाम’ हा तेथील रोजचा शब्दप्रयोग आहे.

आता मूळ शब्दाकडे वळतो. संस्कृतात ‘तॄ’ म्हणजे तरणे, पार जाणे, आणि तीर्थ म्हणजे नदीचा उतार किंवा पाणवठा. त्यावरून स्नानाचे पवित्र स्थळ, आणि पुढे पवित्र स्थळ एवढाच अर्थ रूढ झाला. मराठीने हा स्थळवाचक अर्थ ठेवला आणि शिवाय स्थळाकडून पाण्याकडे सरकलेला अर्थही रोजच्या वापरात आणला. ‘तीर्थाला गेलो’ आणि ‘तीर्थ घेतले’ या दोन वाक्यांतील फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. ‘विष्णुपादोदकं तीर्थं जठरे धारयाम्यहम्’ असे म्हणत आपण जे प्राशन करतो, ते अर्थातच क्षेत्र नसते.

बालीत स्वतंत्र शब्द म्हणून ‘तिर्त’ जवळजवळ केवळ या दुसऱ्या अर्थाने उरला आहे. (तेथील बोलण्यात महाप्राण उच्चार नाहीत, म्हणून ‘थ’चा ‘त’ झाला, बाली लिपीत मात्र संस्कृत शब्दांसाठी महाप्राण अक्षरे राखलेली आहेत.) साध्या पाण्याला बोलीत ‘येः’ म्हणतात, आदरार्थी भाषेत ‘तोय’ म्हणतात, आणि हा ‘तोय’ही संस्कृतातलाच आहे, परंतु मंत्रांनी किंवा देवतेच्या सान्निध्याने पवित्र झालेले पाणी तेवढे ‘तिर्त’. ‘पेदंद’ म्हणजे ब्राह्मण पुरोहित पहाटे सूर्यसेवन नावाच्या विधीत मंत्र, मुद्रा, फुले आणि घंटा यांच्या साहाय्याने ते सिद्ध करतात. पूजेच्या शेवटी भक्तावर ते तीन वेळा शिंपडले जाते, तो तीन वेळा प्राशन करतो, उरलेले तोंडावरून आणि मस्तकावरून फिरवतो, आणि मग कपाळाला ओले तांदूळ लावतो. या तांदळांचे नाव ‘बीज’. देवतेच्या पायांशी संबंध सांगणाऱ्या तीर्थाला ‘वांग्सुह पद’, म्हणजे पाय धुतलेले पाणी, असे नाव आहे. आपल्या ‘पायांचे तीर्थ’ या शब्दप्रयोगाला याहून जवळचा नातलग मला ठाऊक नाही.

दहनविधीत, म्हणजे ‘ङाबेन’मध्ये, ‘तिर्त पङेन्तस’ अत्यावश्यक मानतात. ‘एन्तस’ म्हणजे पाण्यातून बाहेर निघून काठाला लागणे. हा शब्द अस्सल जावा-बालीकडचा असून त्याचा संस्कृत ‘तॄ’शी काही संबंध नाही, तरीही ‘पार जाणे’ हाच अर्थ दोन वेगळ्या भाषाकुलांतून येऊन या एका नावात शेजारी बसला आहे. मला स्वतःला या सबंध चर्चेत हा योगायोग सर्वांत आवडतो.

एक अपवाद नोंदवला पाहिजे. बालीतील हिंदू यात्रेला ‘तिर्त यात्र’ म्हणतात, आणि तेथे स्थळवाचक अर्थ शिल्लक आहे. पण हा समास भारतीय क्रमासह जसाच्या तसा उचललेला आहे, हे त्याच्या रचनेवरूनच दिसते. तांपाकसिरिंगच्या ‘तिर्त एंपुल’ मंदिराचे उदाहरण मात्र कोणी विरोधात देऊ नये, कारण ते नाव उसळून वर येणाऱ्या झऱ्याच्या पाण्याचे आहे आणि मंदिर त्या पाण्यावरून ओळखले जाते.

१९५९ मध्ये बालीतील हिंदूंची, पुढे ‘परिषद हिंदू धर्म’ या नावाने ओळखली गेलेली, संस्था स्थापन झाली आणि पुढे ‘आगम हिंदू धर्म’ हे नाव अधिकृत व्यवहारात रूढ झाले, त्यामुळे ‘आगम तीर्थ’ आता प्रामुख्याने इतिहासाच्या संदर्भात भेटतो. मराठीत लिहिताना ‘तीर्थधर्म’ हा शब्द योजावा आणि पहिल्या उल्लेखापाशी ‘तीर्थोदकाचा धर्म’ असे स्पष्टीकरण द्यावे. ‘जलधर्म’ मी टाळेन, कारण त्यात ‘येः’ आणि ‘तिर्त’ यांतला भेदच पुसला जातो.