‘दहा-दहा वेळा लिहून घेते, तरी स्पेलिंग चुकतंच’

मुलगा सातवीत, सेमी-इंग्रजीचा. आईनं आल्या आल्या इंग्रजीची वही टेबलावर ठेवली. पानापानावर लाल गोल आणि प्रत्येक गोलावर बरोबर शब्द लिहिलेला. “मॅडम, रोज वीस शब्द दहा-दहा वेळा लिहून घेते. दुसऱ्या दिवशी निबंधात पुन्हा तेच! ह्याला डिस्लेक्सिया तर नसेल ना?” मुलगा शेजारी बसून पेनाचं टोपण चावत होता.

हा प्रश्न आला की आधी मराठीची वही मागवायची. वाचनाचीच अडचण असेल तर ती सहसा इंग्रजीपुरती राहत नाही. मराठीतही अक्षरं गळतात, काना-मात्रा इकडचे तिकडे होतात, जोडाक्षरापाशी मूल अडखळतं, धडा मोठ्यानं वाचताना ओळ सुटते. असं दिसलं तर तपासणीला वेळ लावू नये. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया त्यातच येतो) समावेश आहे, आणि त्याचं प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळू शकतं. या मुलानं मात्र मराठीचा धडा न अडखळता वाचला. ऱ्हस्व-दीर्घ चुकत होतं, पण ते कुणाचं चुकत नाही? तपासणीची घाई नको, आधी इंग्रजीच्या चुका बघू, असं ठरलं.

शेवटच्या दहा पानांत 46 चुका निघाल्या. आकडा ऐकून आईचा चेहरा उतरला. पण चुका मोजण्यापेक्षा त्यांची जात ओळखण्यात खरं काम आहे. कागदावर त्यांचे चार ढीग केले.

पहिला ढीग, 17 चुकांचा, कानानं लिहिलेल्या शब्दांचा. मराठी लिहिताना आपण ऐकतो तसं लिहितो. तीच सवय मूल इंग्रजीत नेतं. इंग्रजीत अक्षरं 26 आणि ध्वनी सुमारे 44, त्यामुळे कान फसतो. ‘वेन्सडे’ ऐकू येतं म्हणून ‘डी’ गळतो. मराठीत ‘व’ एकच, म्हणून ‘विंडो’ची सुरुवात ‘व्ही’नं होते. ‘सेपरेट’मधल्या मधल्या स्वरावर जोर नसतो, तो धड ऐकूच येत नाही, मग ‘ए’च्या जागी ‘ई’ पडतो. अशा शब्दांना लिहिण्यापुरता वेगळा उच्चार द्यायचा: ‘वेड-नेस-डे’. ‘सेपरेट’मध्ये ‘पी’नंतर ‘ए रॅट’, म्हणजे उंदीर बसलाय. ‘व्ही’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘डब्ल्यू’ला ओठांचा चंबू होतो, हे आरशासमोर एकदा करून बघितलं की पुरतं.

दुसरा ढीग 14 चुकांचा, आणि सगळ्यात लवकर सुधारणारा, कारण इथे नियम आहे. मुलानं लिहिलं होतं: ‘आय ॲम होपिंग टू मीट यू.’ त्यातल्या ‘होपिंग’ला त्यानं दोन ‘पी’ दिले होते. दोन ‘पी’ दिले की तो ‘हॉपिंग’ होतो, म्हणजे ‘मी लंगडी घालत तुला भेटायला येतोय’! मुलगा पहिल्यांदा हसला. शब्द आखूड, स्वर एक, शेवटी व्यंजन एक, तर स्वरानं सुरू होणारा प्रत्यय लागताना ते व्यंजन (‘डब्ल्यू’, ‘एक्स’, ‘वाय’ सोडून) दुप्पट: ‘हॉप’चं ‘हॉपिंग’, ‘स्टॉप’चं ‘स्टॉप्ड’, ‘रन’चं ‘रनिंग’. शेवटी मुका ‘ई’ असेल तर ‘आयएनजी’ लागताना तो जातो आणि व्यंजन एकटंच राहतं: ‘होप’चं ‘होपिंग’, ‘राइट’चं ‘रायटिंग’, ‘कम’चं ‘कमिंग’. ‘रिटन’मध्ये मात्र दोन ‘टी’, कारण तिथे ‘आय’ ऱ्हस्व झाला. मोठ्या शब्दात जोर कुठे पडतो ते बघायचं. ‘बिगिन’मध्ये तो शेवटी आहे म्हणून ‘बिगिनिंग’ला मध्ये दोन ‘एन’. ‘व्हिजिट’मध्ये सुरुवातीला आहे म्हणून ‘व्हिजिटिंग’ला ‘टी’ एकच.

‘आय आधी, ई नंतर’ हा पाठ केलेला नियम मात्र अर्धवट शिकवला जातो. तो फक्त दीर्घ ‘ई’च्या उच्चाराला लावावा: ‘बिलीव्ह’, ‘फील्ड’, ‘चीफ’मध्ये आय-ई, आणि ‘सी’नंतर उलट, म्हणून ‘रिसीव्ह’ म्हणजे आर-ई-सी-ई-आय-व्ही-ई. तरीही ‘सीझ’ नियम मोडतोच.

तिसरा ढीग जुळ्या, म्हणजे सारख्या ऐकू येणाऱ्या शब्दांचा, चुका 11. दोन्ही स्पेलिंग बरोबर, पण जागा चुकलेली. मोबाइलचा स्पेलचेकही इथे अनेकदा गप्प बसतो. ‘देअर’ जागेसाठी असेल तर त्याच्या पोटात ‘हिअर’ (एच-ई-आर-ई) सापडतो; ‘त्यांचा’ या अर्थाच्या ‘देअर’मध्ये नाही. ‘इट्स’च्या जागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ म्हणून बघायचं; बसलं तर वर स्वल्पविरामासारखी खूण, नाहीतर नको. ‘क्वायट’ (शांत) दोन तुकड्यांत म्हणता येतो, म्हणून शेवटी ई-टी; ‘क्वाइट’ (बऱ्यापैकी) एकाच तुकड्यात, म्हणून टी-ई.

उरलेल्या चार चुका घाईच्या, ‘फ्रॉम’चा ‘फॉर्म’ होणं वगैरे.

मग दहा-दहा वेळा लिहिण्याचं काय? मुलाला तिथेच ‘रिसीव्ह’ दहा वेळा लिहायला सांगितलं. त्यानं आधी उभे दहा ‘आर’ काढले, मग दहा ‘ई’, मग दहा ‘सी’. शब्द एकदाही लिहिला नाही! आई बघतच राहिली. त्याऐवजी रोज पाचच शब्द, तेही त्याच्याच चुकांतले. शब्द नीट बघायचा, अडचणीचं अक्षर अधोरेखित करायचं, झाकायचा, लिहायचा, ताडून बघायचा. चुकला तर खोडून दुरुस्त न करता पूर्ण शब्द नव्यानं लिहायचा. तोच शब्द तिसऱ्या आणि सातव्या दिवशी पुन्हा, वाक्यात घालून.

लाल गोलही बंद. आईनं वर बरोबर शब्द लिहिला की मुलगा तो न बघताच उतरवतो. आता समासात फक्त ठिपके: ओळीत दोन चुका तर दोन ठिपके. शोधायच्या त्यानं. पाच मिनिटांत नाही सापडल्या तरच शब्द दाखवायचा. शोधताना परिच्छेद दोनदा वाचायचा. आधी शेवटच्या शब्दापासून उलटा. अर्थाचा प्रवाह तुटला की डोळ्याला अक्षरं दिसतात. पण उलट वाचताना जुळे शब्द निसटतात, म्हणून दुसऱ्यांदा सुलटा, बोट ठेवून, मोठ्यानं.

जाता जाता मुलानं विचारलं, “‘डेट’मध्ये ‘बी’ कशाला असतो?” कर्ज या अर्थाचा तो शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता. ‘डेबिटुम’ या लॅटिन शब्दाशी नातं दिसावं म्हणून विद्वानांनी तो नंतर घुसवला. “म्हणजे चूक त्यांची!” असं म्हणून तो खूश झाला. मुक्या अक्षरांची वेगळी यादी करायला त्याला तेवढं कारण पुरलं.

सहा आठवड्यांनी पुन्हा वही बघितली. दुसरा ढीग जवळजवळ संपला होता, पहिला निम्म्यावर आला होता. जुळे शब्द तसेच होते, विशेषतः ‘ऑफ’ला एक ‘एफ’ की दोन, हा घोळ. ते वाचन वाढेल तसेच जातील, त्यासाठी वेगळा तास नको. आईचा एक प्रश्न उरला होता: शाळा अजूनही दहा वेळा लिहायला देते, त्याचं काय करायचं? लिहू द्या, पण प्रत्येक वेळी वरची ओळ पट्टीनं झाकून.